शेवगावच्या चाचा मिस्त्रींना

पैठण रस्ता, शेवगाव.

श्री. रा. रा. चाचा मिस्त्री यांच्या सेवेशी,

शाळेतल्या बाईंचा कृतानेक नमस्कार आणि सलाम. विनंती विशेष.

हे पत्र पाकिटात घातलेलं नाही. तुमचा हल्लीचा मुक्काम टपालखात्याच्या वाटेवर नाही, आणि असता तरी मी ते उघडंच ठेवलं असतं. यातला निम्मा मजकूर तुमच्यासाठी आहे. उरलेला निम्मा या तालुक्यासाठी आहे, ज्याच्या दोन पिढ्या तुमच्या हातून गाड्या नीट करून घेऊन कामाला गेल्या आणि ज्यानं तुमच्याविषयी कुठं एक ओळ लिहून ठेवली नाही.

आधी इकडची खबर. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. बोलण्यात मात्र अजून ‘नगरला जाऊन येतो’ असंच येतं. रेल्वे शेवगावला तुमच्या वेळी नव्हती, आजही नाही. कपाशी आहे, ऊस आहे, दिवाळीच्या सुमाराला कोयते घेऊन निघणाऱ्या टोळ्या आहेत. तुमचं गॅरेज चालू आहे. थोरला शागीर्द ते सांभाळतो. लिंबाचं झाड आहे. खड्ड्यावर आता फरशी टाकली आहे, कारण गाड्यांखाली उतरायचं काम कमी झालं. तुमची पान्यांची पेटी त्यानं फडक्यात गुंडाळून कुलूपबंद ठेवली आहे. रोजच्या कामाला दुसरे पाने आणलेत. वापरली तर झिजेल, असं त्याला वाटतं. मला हे पटलेलं नाही, त्याविषयी पुढे लिहिते.

धंद्याची खबर तेवढी चांगली नाही. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सहा नियम लागू झाले आणि दुचाकींचा कार्बोरेटर गेला. ज्या भांड्यात फुंकर मारून तुम्ही कचरा काढायचात, जेट उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघायचात, ते भांडंच आता नाही. पेट्रोल किती सोडायचं हे एक छोटा संगणक ठरवतो. तो रुसला की त्याच्याशी बोलायला दुसरं यंत्र लागतं. थोरल्यानं एक यंत्र घेतलं, पण ते सगळ्या कंपन्यांच्या गाड्या वाचत नाही. मग गिऱ्हाईक नगरच्या शोरूमचा रस्ता धरतं. सरकारनं २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ म्हणून एक पोर्टल काढलं. त्यात मोटारींचाही समावेश आहे, आणि कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती खुली करावी असा त्याचा हेतू आहे. हेतू चांगला आहे. लिंबाखाली बसलेल्या पोराच्या हातात त्यातलं काय आणि कधी पडतं, हे बघायचं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “ज्याची गाडी त्याला उघडता यायला पायजे, न्हाई तर ती त्याची कशी?” हा प्रश्न आता जगभर विचारला जातो आहे, चाचा. तुम्ही तो फार आधी विचारला होता, म्हणून इथं नोंदवून ठेवते.

विजेवरची लुनाही आली, २०२४ मध्येच. तिला प्लग नाही, सायलेन्सर नाही, धूर नाही. आणि मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. ती बातमी वाचली त्या दिवशी तुमची फार आठवण झाली. आपल्या डॉक्टरांची पद्मिनी तुमच्याकडे यायची तेव्हा तुम्ही आधी हात धुवायचात आणि मग तिच्या दाराला हात लावायचात. आमच्या गाड्यांना तो मान कधी मिळाला नाही.

आता जी गोष्ट तुम्हाला सांगण्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं, ती सांगते. तुम्ही जन्मभर ज्या गाड्यांच्या पोटाखाली पडून काम केलंत, त्यांतल्या बहुतेकींचं माहेर एकच आहे. ते माहेर म्हणजे इटली.

तुमची चेतकच घ्या. इटलीत पोंतेदेरा नावाचं गाव आहे. तिथे पियाज्यो कंपनीचा विमानांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलं, विमानं कुणाला नको होती, आणि लोकांना कामावर जायला स्वस्त वाहन हवं होतं. कंपनीनं कोर्रादिनो दास्कानियो या विमानांच्या इंजिनिअरला बोलावलं. या गृहस्थाला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. ती कपडे मळवते आणि तिचं चाक बदलताना माणूस रडकुंडीला येतो, ही त्याची तक्रार. म्हणून त्यानं साखळीच काढून टाकली आणि चाक एकाच बाजूनं धरलं, विमानाचं चाक धरतात तसं. १९४६ मध्ये व्हेस्पा आली. बजाजनं साठच्या दशकात पियाज्योच्या परवान्यावर ती आपल्याकडे बनवली. तो परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये त्याच वळणाची चेतक आली. भर रस्त्यात, अंगावर एसटीचा धुरळा घेत, तुम्ही नट सोडून चेतकचं चाक बाजूला काढायचात, रिमचे दोन भाग वेगळे करायचात, आणि पाहणाऱ्याला वाटायचं ही चाचांच्या हाताची करामत. करामत होतीच. पण तुमच्या हाताला ती वाट मोकळी करून ठेवणारा माणूस दूर पोंतेदेरात बसलेला होता. तुम्ही दोघं भेटला असतात तर तुमचं जमलं असतं. मोटरसायकलविषयी तुमचंही मत फार चांगलं नव्हतं.

आणि लुना! पियाज्योचीच ‘चाओ’ नावाची मोपेड १९६७ ला निघाली होती. आपल्या नगरच्या फिरोदियांनी कायनेटिक कंपनी काढली, आणि १९७२ मध्ये त्या चाओच्या घडणीवरून पन्नास सीसीची लुना आणली. दौंड रस्त्यावरच्या कारखान्याचा भोंगा ऐकलेली माणसं आजही नगरात भेटतात. त्यामुळे ती परदेशी आहे असं आपल्यापैकी कुणाला वाटलंच नाही. नगरची म्हणून आली आणि आपल्या घरातली होऊन बसली. पद्मिनी ही मुळातली फियाट अकराशे. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी उभी केली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. पुढे शेवगाव-पाथर्डी, शेवगाव-गेवराई अशा वाटांवर माणसं कोंबून पळणारी ॲपे रिक्षा आली. तीही पियाज्योचीच, १९९९ पासून बारामतीत बनू लागली. तुमच्या शेवटच्या वर्षांत जीपवाल्यांनी जीप विकून डिझेलच्या स्विफ्ट घेतल्या, त्यांचं तेराशे सीसीचं इंजिन फियाटच्या घडणीचं. फियाटचा कारखाना तर नगर-पुणे रस्त्यावर रांजणगावलाच आहे. नाही म्हणायला राजदूत मूळची पोलंडची. पण ती तुम्ही थोरल्याकडे सोपवायचात.

मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. १८८० नंतरच्या चाळीस वर्षांत इटलीतून सुमारे चाळीस लाख माणसं बोटीत बसून अमेरिकेला गेली. दुष्काळी, डोंगराळ, दक्षिणेकडची गरीब माणसं. कुणी रेल्वेवर खडी फोडली, कुणी गवंडीकाम केलं, आणि मोटारी वाढल्या तशी त्यांच्यातल्या कितीकांनी गॅरेजं टाकली. त्यांची नातवंडं आज त्यांच्यावर लिहितात. आमचा आजोबा कुठल्या गावचा, काय घेऊन आला, हात कसे काळे असायचे, सगळं लिहितात. आपल्याकडे इटलीची माणसं आली नाहीत, त्यांच्या गाड्या आल्या. त्यांना सांभाळायला जे बाहेरून येऊन इथं बसले, ते तुम्ही. तुमच्यावर कुणी लिहायचं?

तुम्हीही बाहेरूनच आलात. गंगेच्या पलीकडून, आम्ही जिला मोगलाई म्हणायचो त्या बाजूनं. गोदावरीला गंगा म्हणणारी आपण माणसं. तिच्या अलीकडे इंग्रजांचा मुलूख होता आणि पलीकडे, १९४८ पर्यंत, निजामाचा. तुमचे वडील बैलांना नाल ठोकायचे. गाव गंगाथडीचं, काळ्याभोर जमिनीचं. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडीचा पाया घातला. धरणावर माती वाहणाऱ्या यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही रॉकेलमध्ये सुटे भाग धुवायला लागलात. तिथंच पाना धरायला शिकलात. दहा किलोमीटर लांबीचा तो बांध तुमच्या डोळ्यांदेखत उंच होत गेला. सत्तावीस दरवाजे बसले. १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिराबाईंनी त्याचं उद्घाटन केलं. आणि ज्या शंभरावर गावांच्या शिवारात धरणाच्या नाथसागराचं पाणी शिरलं, त्यात तुमचं गाव होतं. ज्या यंत्रांना तुम्ही चालू ठेवलंत त्यांनीच तुमचं घर पाण्याखाली घातलं. घरची माणसं बैलगाडीत आणि तुम्ही पान्यांची पेटी घेऊन शेवगावात उतरलात.

हे सगळं मला तुमच्या तोंडून एकदम कधी कळलं नाही. प्लग साफ होईपर्यंत एक तुकडा, टायर फुगेपर्यंत दुसरा. माझी तुमच्यावरची पहिली तक्रार हीच आहे. एकदा बैजवार बसून सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? विचारलं की म्हणायचात, “त्यात काय सांगायचं बाई, धरण झालं म्हणून ऊस झाला, ऊस झाला म्हणून गाड्या झाल्या, गाड्या झाल्या म्हणून मी हाय.” हिशेब बरोबर होता. पण त्या हिशेबात तुमचं घर कुठंच धरलेलं नव्हतं.

आता माझी लुना. ती मी जुनीच घेतली होती, तुमच्याच सांगण्यावरून. बोधेगावच्या बाजूला शाळा, सकाळची एसटी कधी यायची, कधी नाही. बाई गाडी चालवतात म्हणून त्या वेळी गावात बरंच बोललं गेलं. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. फक्त गाडी बघितलीत, माझ्या साडीकडे बघितलंत आणि म्हणालात, “उद्या या.” दुसऱ्या दिवशी मागच्या चाकाला तुम्ही सळई वाकवून, जाळी डकवून, पदर जाणार नाही असं गार्ड करून ठेवलं होतं. पैसे विचारले तर जाळी भंगारातली होती म्हणालात.

त्याहून मोठी गोष्ट तुम्ही पुढे केलीत, आणि तिच्याबद्दल या गावानं तुमचा जाहीर सत्कार करायला हवा होता. तुम्ही मला प्लगपाना दिलात, पॉलिश पेपरचा तुकडा दिलात आणि समोर बसवून शिकवलंत. प्लग असा खोलायचा, टोक काळं-ओलं असेल तर तेल जास्त झालं, कोरडं करडं असेल तर बरं आहे. ठिणगी बघायची ती अशी. पेट्रोलच्या नळीत हवा अडकली तर असं करायचं. “रस्त्यात कुणाची वाट बघायची न्हाई.” मग मी आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाईंना घेऊन आले. मग आरोग्यकेंद्राच्या नर्सबाई आल्या. मग अंगणवाडीच्या दोघीतिघी. सुट्टीच्या दिवशी लिंबाखाली पोतं अंथरून आम्ही बसायचो, हात काळे करून घ्यायचो आणि चाची आतून चहा पाठवायच्या. नंतर घोटणच्या रस्त्यावर, अमरापूरच्या फाट्यावर, पावसाळ्यात काळी माती मडगार्डात गच्च बसलेली असताना, एकट्या बाईनं गाडी स्टँडवर लावून प्लग काढलेला लोकांनी पाहिला. लहान बाळाची लस, दहावीचा निकाल, पोषण आहाराचं पोतं या तालुक्यात वेळेवर पोहोचलं, त्यात लुनाचा वाटा आहे असं लोक म्हणतात. त्यात तुमच्या पोत्याचाही आहे, हे मी लिहून ठेवते.

तुमची ऐकण्याची पद्धत मी पुष्कळदा बघितली. गिऱ्हाईक धापा टाकत आजार सांगायला लागलं की तुम्ही हातानं थांबवायचात. किक मारायला लावायचात, आणि गाडीकडे न बघता मान जरा कलती करून उभे राहायचात. पिस्टनची रिंग गेली की आवाज कोरडा येतो, बेअरिंग गेलं की किणकिण येते, सायलेन्सर कार्बननं भरला की गाडी खोकल्यासारखी दबून चालते. चेतक तिरकी करून मग किक मारायची कशासाठी, हे गावात सगळे करायचे आणि कारण कुणाला सांगता यायचं नाही. तुम्ही मला वाळलेल्या मातीवर काडीनं टाकी, नळी, कार्बोरेटर काढून दाखवलं होतंत. तो नकाशा मी पुढे सातवीच्या वर्गात फळ्यावर काढला. तुमचं नाव घेऊन काढला.

संध्याकाळी गॅरेजच्या मागं पऱ्हाटीचा जाळ करून तुम्ही त्यात सायलेन्सर टाकायचात. आतला कार्बन जळून जाईपर्यंत तिथंच उकिडवे बसायचात. आणि इथं माझी दुसरी तक्रार येते, ती जरा मोठी आहे. त्या धुराच्या तोंडाशी तुम्ही वर्षानुवर्षं बसलात. वेल्डिंग करताना काच लावली नाहीत, नुसतं तोंड फिरवून डोळे मिटून घ्यायचात. पेट्रोल काढायला नळी तोंडानं ओढायचात. रॉकेलनं बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, त्यात ग्रीस भरायचात. मी रागावले की पोरांना चष्मे आणून दिलेत, स्वतः लावला नाहीत. खोकला सुरू झाला तेव्हा कार्बन आलाय म्हणून हसण्यावारी नेलात. मला ते हसू तेव्हाही आवडलं नव्हतं. माणसाला नवा बोअर टाकता येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पोरांच्या डोळ्यांची काळजी तुम्ही केलीत, तुमच्या छातीची आम्ही करायला हवी होती, आणि तुम्ही ती करू दिली नाहीत.

तिसरी तक्रार तुमच्यावर नाही. गॅरेजवर पत्र्याऐवजी स्लॅब टाकायला तुम्ही एका बँकेत कर्ज मागायला गेला होतात. तुमच्या शिक्षणाचा, कामाचा दाखला विचारला गेला. तो नव्हता म्हणून अर्ज परत आला. त्या दिवशी तुम्ही गॅरेज नेहमीपेक्षा उशिरापर्यंत उघडं ठेवलंत आणि कुणाशी बोलला नाहीत. २०१५ पासून केंद्राच्या कौशल्य योजनेत शाळेबाहेर शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यायची सोय झाली आहे. तुमच्या उपयोगाला ती आली नाही. तुम्ही ज्यांना शिकवलंत त्यांचे अर्ज भरायला मी बसते. दोघांचे झाले. शिक्षण या रकान्यात पोरं घुटमळतात. मी त्यांना सांगते, शाळा किती झाली ते लिहा, आणि खाली अनुभवाच्या रकान्यात तुमचं नाव लिहा. तुमचं नाव पहिल्यांदाच सरकारी कागदावर गुरू म्हणून चढलं आहे.

एक आठवण सांगते आणि मग विनंतीकडे येते. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचं पाणी मृतसाठ्यावर आलं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते साल. नाथसागर आटला की जुन्या गावांच्या भिंती, देवळांचे चौथरे वर येतात. थोरल्याच्या गाडीतून आपण गेलो होतो. भेगाळलेल्या गाळात तुम्ही चपला हातात घेऊन चाललात. बाकीचे मशिदीची जागा शोधत होते, कुणी आपल्या वाड्याचा उंबरा शोधत होतं. तुम्ही सरळ एका उंचवट्याकडे गेलात, तिथं बैल पाडायची जागा होती म्हणालात. वडील बैलाला दोरानं पाडायचे आणि नाल ठोकायचे ती. मग तुम्ही मला समजावून सांगितलंत की खुराच्या कडेला खिळा किती तिरका घातला तर बैल लंगडत नाही. सुमारे तासभर तुम्ही नालाबद्दल बोललात. घराबद्दल बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. पण एवढं मला कळलं की तुमचा पाना जायकवाडीच्या वर्कशॉपमध्ये सुरू झालेला नव्हता. चालणाऱ्याच्या पायाची काळजी घ्यायची, हे तुमच्या घरात आधीपासून चालत आलं होतं.

आता विनंती. चाचींना पेटीच्या फडक्याखाली तुमची उधारीची वही सापडली. तुम्हाला अक्षरं जुळत नव्हती, आकडे मात्र पक्के होते, कारण पान्यांवर आकडे असतात. त्या वहीत नावं नाहीत, चित्रं आहेत. लुना आणि तिच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, पुढे आकडा. चेतक आणि सीटवर तराजू, म्हणजे बाजारपेठेतले किराणावाले. ॲपेच्या टपावर बोकड, म्हणजे मढीच्या जत्रेला फेऱ्या मारणारा. एका लुनेवर छत्री आहे आणि पुस्तक आहे. ती मी असणार. माझ्यापुढे आकडा नाही, नुसती फुली आहे. ती फुली फेडल्याची आहे की सोडून दिल्याची, हे मला कळत नाही. मी ती सोडून दिल्याची धरते आणि मला ते चालणार नाही.

वहीची गोष्ट गावात पसरली. माणसं येऊन स्वतःची चित्रं ओळखायला लागली. काहींनी पैसे काढून ठेवले. दूधवाल्याचा मुलगा आता पुण्यात असतो, तोही येऊन गेला. चाची कुणाचे पैसे घेत नाहीत. म्हणतात, “त्यांनी मागितले नाहीत, मी कशी घेऊ?” पैसे देणारा अपराध्यासारखा परत जातो आणि चाची दिवसभर खिन्न राहतात. मी समजावून पाहिलं. थोरल्यानं पाहिलं. आमचं त्या ऐकत नाहीत, तुमचं ऐकायच्या.

तेव्हा तुम्हीच काहीतरी करा. तुमचं म्हणणं त्यांच्या कानावर कसं घालायचं ते तुम्ही जाणा. स्वप्नात यायची चाल असेल तर तसे या. त्यांना सांगा की हे पैसे उधारीचे नाहीत, गॅरेजचे आहेत. त्यातून चांगलं वाचन-यंत्र येईल, सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांशी बोलणारं. धूर ओढणारा एक पंखा येईल. पोरांना काचेचे चष्मे येतील आणि ते लावले नाहीत तर कामाला हात लावायचा नाही, असा नियम मी लिहून भिंतीवर लावीन. उरलेल्यात एका मुलीचं आयटीआयचं वर्ष निघेल. ती मोटार मेकॅनिकच्याच वर्गाला बसणार म्हणते. लिंबाखालच्या पोत्यावर आईच्या मांडीवर बसून प्लग चघळायला बघायची, तीच ही, अंगणवाडीच्या बाईंची.

आणि थोरल्याला दम द्या. पेटीचं कुलूप काढायला सांगा. दहा-अकराचा पाना त्या मुलीच्या हाताला बरोबर बसतो, मी बसवून पाहिला आहे.

बाकी सर्व क्षेम. चाचींची तब्येत बरी आहे. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा, ही विनंती.

आपली,
शाळेतल्या बाई

ता. क. माझी लुना अजून आहे. ॲक्सिलरेटरची केबल तुटली आहे आणि नवी मिळत नाही. जुन्या केबलींचं एक बंडल तुम्ही पत्र्याखाली कुठंतरी खोचून ठेवायचात. थोरल्यानं शोधलं, सापडलं नाही. कुठल्या वाशाला, तेवढं कळवावं.